टेबलाखालची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी माझा सहा वर्षांचा भाचा जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसला आणि बाहेर यायला तयार होईना. पोळी-भाजीची ताटली त्याला खालीच हवी होती. आदल्या रात्री मी त्याला टर्की पक्षी झालेल्या राजपुत्राची गोष्ट सांगितली होती, तिचा हा परिणाम. "मावशी, तूपण खाली ये ना," म्हणाला. गेले. बाहेर पाऊस लागलेला, खाली अर्धवट अंधार. टेबलाच्या फळीला आतल्या बाजूने पॉलिश नव्हतं. सुताराने पेन्सिलीने टाकलेला आकडा तिथे अजून होता. बहीण स्वयंपाकघरातून ये-जा करत होती. तिची फक्त पावलं दिसत होती आणि आवाज वरून कुठून तरी येत होता. "काय चाललंय रे दोघांचं?" भाच्याने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. तेवढ्या वेळापुरती मी त्याच्या बाजूची झाले होते आणि माझी सख्खी बहीण परकी.

ज्यू मुलांना सांगितल्या जाणाऱ्या लोककथा मी बरीच वर्षं वाचते आहे. त्यांतले रब्बी म्हणजे धर्मगुरू, देवदूत, बोकड, गरिबाघरची रिकामी चूल, हे सगळं आवडतंच. पण पुन्हा पुन्हा त्या गोष्टींकडे मी वळते ते वेगळ्या कारणासाठी. सांगणारा नेमका कुठे बसून सांगतो आहे, हे त्या गोष्टींत फार विचाराने ठरवलेलं असतं. ते मला पुस्तकातून जितकं कळलं नव्हतं तितकं त्या दुपारी टेबलाखाली कळलं.

गोष्ट अशी. एका राजाच्या मुलाला वेड लागलं. आपण टर्की आहोत असं त्याला वाटू लागलं. तो कपडे काढून टेबलाखाली बसायचा आणि पडलेले पावाचे तुकडे, हाडं टोचून खायचा. सगळ्या वैद्यांनी हात टेकले. मग एक शहाणा माणूस आला. त्यानेही कपडे काढले आणि राजपुत्राशेजारी टेबलाखाली जाऊन बसला. "तू कोण?" राजपुत्राने विचारलं. "आणि तू कोण?" "मी टर्की." "मीपण टर्की." दोघं बराच काळ असे बसून राहिले, एकमेकांची सवय होईपर्यंत. मग शहाण्याने खूण केली, वरून दोन सदरे खाली टाकले गेले. "तुला काय वाटतं, टर्कीला सदरा घालता येत नाही? सदरा घालूनही टर्की राहता येतं." दोघांनी सदरे घातले. काही दिवसांनी विजारी आल्या. मग टेबलावरचं जेवण आलं. मग टेबलाशी बसणं आलं. असं करत करत त्याने त्याला पूर्ण बरं केलं.

ही गोष्ट ब्रात्स्लावच्या रब्बी नाखमान यांची मानली जाते. ते 1772 साली जन्मले, 1810 साली युक्रेनमधल्या उमान गावी वारले. ज्यूंमधला हसिदी हा भक्तिपंथ ज्यांच्यापासून सुरू झाला त्या बाल शेम तोव यांचे ते पणतू. 1806 च्या उन्हाळ्यापासून ते शिष्यांना गोष्टी सांगू लागले. त्यांच्या मृत्यूनंतर, 1815 साली, त्या गोष्टींचं पुस्तक निघालं: वर हिब्रू आणि त्याच पानावर खाली यिद्दिश, म्हणजे ज्यांना पोथीची भाषा येत नाही त्यांनाही घरच्या भाषेत वाचता यावं. टर्कीची गोष्ट मात्र त्या पुस्तकात नाही. ती शिष्यांच्या तोंडी राहिली आणि नंतर छापली गेली. नाखमान म्हणायचे की लोक समजतात गोष्टींनी झोप येते, पण गोष्टींनी माणसं झोपेतून जागी होतात.

हिब्रूत टर्कीला म्हणतात 'तर्नगोल होदू'. तर्नगोल म्हणजे कोंबडा आणि होदू म्हणजे हिंदुस्थान. यिद्दिशमधला 'इंदिक' हा शब्दही त्याच वळणाचा. अमेरिकेतला पक्षी युरोपात आला तो हिंदुस्थानचं नाव घेऊन. म्हणजे तो राजपुत्र स्वतःला हिंदुस्थानी कोंबडा समजत होता! हे सांगितल्यावर भाच्याला राजपुत्र आपल्याच घरचा वाटू लागला, आणि मलाही थोडासा.

आता या गोष्टीतला निवेदक पाहा. 'वेड लागलं' हे तो पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो. राजाचं दुःख आणि वैद्यांची हार एकेका वाक्यात उरकतो. आणि तिथून जो टेबलाखाली उतरतो तो गोष्ट संपत येईपर्यंत तिथेच बसतो. शहाण्याच्या मनात काय चाललं आहे हे तो एकदाही सांगत नाही. शहाणा बोलतो तेवढंच आपल्याला ऐकू येतं, जेवढं राजपुत्राला येतं तेवढंच. त्यामुळे 'मीपण टर्की' हे वाक्य ऐकताना मूल थबकतं. हा खरंच टर्की आहे का? की नाही? माझ्या भाच्याने मला हाच प्रश्न विचारला होता, आणि उत्तर न मिळाल्यामुळेच तो दुसऱ्या दिवशी टेबलाखाली जाऊन बसला असावा.

मुलांसाठी ही गोष्ट नव्याने सांगताना कुणीकुणी इथे एक वाक्य घालतात: शहाण्याने विचार केला, आपण टर्की असल्याचं सोंग करू या. मला हे वाक्य सहन होत नाही. मुलाला सगळं नीट समजावं म्हणूनच ते घातलेलं असतं. पण त्या एका वाक्याने मूल टेबलाखालून उचललं जातं आणि वर वैद्यांच्या रांगेत नेऊन उभं केलं जातं. आता ते राजपुत्राकडे वरून पाहतं. बिचारा, याला काय माहीत! मुलांना आयुष्यात बहुतेक वेळ कुणीतरी असं वरून पाहत असतं. निदान गोष्टीत तरी ते व्हायला नको.

खाली बसण्याचा हा आग्रह एकट्या नाखमान यांचा नाही. ज्यू घरांत मूल जी पहिली मोठी गोष्ट ऐकतं तिच्यातच तो आहे. वल्हांडण सणाच्या रात्री, जेवणाच्या टेबलाशी, मिसरातून, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून, सुटकेची कथा सांगतात. ती वडीलधारे आपणहून सुरू करत नाहीत. घरातल्या सगळ्यांत लहान मुलाने विचारायचं असतं: ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का? त्या रात्री वाचायच्या पोथीला हग्गादा म्हणतात, म्हणजे 'सांगणं'. तिच्यात चार मुलगे येतात: एक शहाणा, एक दुष्ट, एक भोळा आणि एक ज्याला विचारताही येत नाही असा.

दुष्ट मुलाचा अपराध काय? तो एवढंच विचारतो, "ही सेवा तुम्हांला कशासाठी?" पोथी त्याच्या एकाच शब्दावर बोट ठेवते. 'तुम्हांला' म्हणाला, स्वतःला वगळलं. त्याला उत्तर मिळतं ते असं: मी मिसरातून निघालो तेव्हा देवाने जे केलं ते माझ्यासाठी केलं. माझ्यासाठी, त्याच्यासाठी नव्हे. एका सर्वनामावरून मुलाला दुष्ट ठरवणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. शहाण्या मुलाच्या प्रश्नातही 'तुम्हांला' आहेच, आणि मग त्याला शहाणा का म्हणायचं यावर भाष्यकारांनी पिढ्यान्‌पिढ्या खल केला आहे. मला त्या दुष्ट मुलाबद्दल नेहमी माया वाटते. त्यालाही कुणीतरी टेबलाखाली जाऊन भेटायला हवं होतं. चौथ्या, विचारता न येणाऱ्या मुलाबद्दल पोथी म्हणते, तू त्याच्यासाठी सुरुवात कर. मूळ हिब्रूत हा 'तू' एखाद्या बाईला म्हणावा तसा दिसतो. त्यावरून काहींनी म्हटलं आहे की अशा मुलाशी आईसारखं बोलावं.

इसवी सन 200 च्या आसपास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात नियमच आहे: प्रत्येक पिढीत प्रत्येकाने स्वतःकडे असं पाहावं, जणू आपण स्वतःच मिसरातून बाहेर पडलो. म्हणजे 'एके काळी ते लोक गुलाम होते' अशी गोष्ट सांगायचीच नाही. सांगायची ती प्रथमपुरुषी.

आणि इथे मला माझ्या भाषेचा मोठा अभिमान वाटतो. हिब्रूत 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द आहे. यिद्दिशमध्येही एकच. मराठीत दोन आहेत. 'आम्ही मिसरात गुलाम होतो' असं म्हटलं तर ऐकणारं मूल बाहेर राहतं. 'आपण गुलाम होतो' म्हटलं की ते आत येतं. हा केवळ तर्क नाही, कारण हग्गादा मराठीत खरोखर आली आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजासाठी मराठी भाषांतरासह ती मुंबईत 1846 साली शिळाछापावर छापली गेली आणि पुण्यात 1874 साली पुन्हा निघाली. पुण्याच्या प्रतीतलं एक चित्र मला फार आवडतं. त्यात साड्या नेसलेल्या बायका सणासाठी बेखमीर भाकरी करताना दिसतात. त्या भाषांतरकारांसमोर 'आम्ही' की 'आपण' हा प्रश्न आलाच असणार. दिव्याच्या उजेडात बसलेलं कुणीतरी हिब्रूतल्या त्या एका शब्दापाशी लेखणी थांबवून विचार करतं आहे, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतं.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला खेल्मच्या गोष्टी आहेत. एक देवदूत मूर्ख आत्म्यांचं पोतं घेऊन उडत होता, सगळीकडे थोडे थोडे पेरायला. डोंगराच्या टोकाला अडकून पोतं फाटलं आणि सगळे मूर्ख एकाच जागी सांडले. ते खेल्म. तिथले लोक अंधाऱ्या रात्रींसाठी चंद्र साठवायचं ठरवतात. पाण्याच्या पिंपात चंद्र उतरलेला पाहून वर झाकण ठोकतात आणि अमावास्येला उघडून पाहतात तर चंद्र चोरीला गेलेला. पहिलं बर्फ पडतं तेव्हा ते तुडवलं जाऊ नये असं सगळ्यांना वाटतं. पण पहाटे दारोदार ठोठावून लोकांना प्रार्थनेला उठवणारा सिनेगॉगचा, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराचा, सेवक तर फिरणारच. मग तोड निघते: चौघांनी त्याला उचलून न्यायचं, म्हणजे त्याचे पाय बर्फाला लागणार नाहीत.

या गोष्टींत निवेदक त्या लोकांना कधीही मूर्ख म्हणत नाही. 'खेल्मचे शहाणे' म्हणतो, आणि सरळ म्हणतो. मराठीत सांगताना मी इथेच अडखळते. आपल्याकडे 'शहाणा' या शब्दाला टोमण्याची धार पटकन येते. 'मोठे शहाणे लागून गेले' हा सूर आवाजात शिरला की गोष्ट मेली. सूर सपाट ठेवावा लागतो, सात दिवस सात रात्री विचार करणाऱ्या पंचांबद्दल सांगतोय इतका आदर ठेवून. मग मूलच ओरडतं, "अरे, त्या चौघांचे पाय!" ते त्याचं त्याला सापडलेलं असतं. गोष्टीत कुणालाच न दिसलेलं फक्त त्याला दिसलेलं असतं.

पण खेल्म खरं गाव आहे, पूर्व पोलंडमध्ये. दुसऱ्या महायुद्धाआधी तिथल्या वस्तीत जवळजवळ निम्मे लोक ज्यू होते. 1942 मध्ये त्यांच्यातल्या बहुतेकांना त्याच भागातल्या सोबिबोरच्या नाझी छावणीत नेऊन मारलं. त्यानंतर 'आमच्या खेल्ममध्ये' असं म्हणून गोष्ट सुरू करणारा निवेदक उरला नाही. शेजारच्या गावचा, खेल्मवाल्यांची थट्टा करणाराही उरला नाही. गोष्टी उरल्या, दूरदेशी गेलेल्यांच्या तोंडी. त्यांतलं 'खेल्म नावाचं एक गाव होतं' हे पहिलं वाक्य मी वाचते तेव्हा त्या 'होतं'वर माझा आवाज बदलतो. सहा वर्षांच्या मुलाला मी त्यामागचं काही सांगत नाही. अजून नाही. निवेदकाला जे माहीत असतं ते सगळं त्याने सांगायचं नसतं, हे या गोष्टींनीच मला शिकवलं. पण ते माहीत नसल्यासारखं हलक्या हाताने सांगणंही मला जमत नाही.

1955 साली दोव नोय या अभ्यासकाने हैफामध्ये लोककथांचं संग्रहालय सुरू केलं. मोरोक्को, येमेन, इराक, पोलंड असे कुठून कुठून इस्रायलमध्ये आलेल्या लोकांकडून गोष्टी टिपून घेतल्या. आज त्या 20 हजारांहून अधिक आहेत. गोष्टीबरोबर ती कुणी सांगितली आणि तो सांगणारा कुठला, याचीही नोंद तिथे ठेवली जाते. मला ही नोंद गोष्टीइतकीच महत्त्वाची वाटते. गोष्टीला मालक नसेल, पण ती दर वेळी कुणाच्या तरी तोंडून येते.

माझ्याकडे पहिली ज्यू गोष्ट आली ती पुस्तकातून नव्हे. मी अलिबागला वाढले. इस्राईल आळीतल्या एक आजी आमच्याकडे येत. नऊवारी नेसायच्या, बोलायच्या आमच्यासारखंच, सिनेगॉगला 'मशीद' म्हणायच्या आणि शनिवारी कुठलंही काम करायच्या नाहीत. घरात काही चांगलं झालं की त्यांच्याकडे मलिदा होई. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलदोडे, सोबत फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं नाव. ते एलिया संदेष्टे मेले नाहीत, अग्नीच्या रथातून वर गेले, म्हणून आजही वेष पालटून फिरतात, अशी श्रद्धा. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावर त्यांच्या रथाच्या आणि घोड्यांच्या खुणा आहेत असं बेने इस्राएल मानतात. त्या जागेला एलियाहू हन्नाबीचा टापा म्हणतात.

माझी आई हे सांगताना शेवटी 'असं म्हणतात' जोडायची. आजी जोडायच्या नाहीत. "हन्नाबी इथनंच वर गेला. घोडे दमलेले होते." बस्स. घोडे दमलेले होते, हे त्यांना कसं कळलं, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही. त्या तिथे होत्या, एवढंच मला वाटे. 'असं म्हणतात' या दोन शब्दांत केवढं अंतर मावतं, हे मला फार उशिरा उमगलं. त्यांनी लहानपणी ऐकलेल्या योसेफाच्या कीर्तनाबद्दलही त्या सांगत. बेने इस्राएलांनी 1880 च्या सुमाराला मुंबईत आपल्या पवित्र कथांवर मराठी कीर्तनं करायला सुरुवात केली होती. कीर्तनकार आधी योसेफाच्या भावांच्या तोंडून बोलायचा, मग त्यांनी विहिरीत टाकलेल्या योसेफाच्या तोंडून, मग पुन्हा स्वतःच्या. आजी तो विहिरीतला आवाज काढून दाखवायच्या, पदर तोंडाशी धरून. पुढे त्या मुलाकडे इस्रायलला गेल्या.

एलियाची एक गोष्ट आहे, जी मला या सगळ्या गोष्टींत सर्वांत थोर वाटते. अकराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या कैरवानच्या रब्बी निस्सीम यांनी ती आपल्या ग्रंथात नोंदवली. कुराणात मूसाची अशीच एक कथा आहे. रब्बी यहोशुआ बेन लेवी एलियाला म्हणतात, मला तुमच्याबरोबर फिरू द्या. एलियाची अट एकच: मी जे करीन त्याबद्दल विचारायचं नाही. विचारलंस की आपली वाट वेगळी.

पहिल्या रात्री एका गरीब जोडप्याकडे उतरतात. त्यांच्याकडे एक गाय, बाकी काही नाही. जे असेल ते पाहुण्यांना वाढतात. सकाळी एलिया प्रार्थना करतो आणि गाय मरते. दुसऱ्या रात्री एका श्रीमंताकडे. तो अन्नपाणीही विचारत नाही. त्याची एक भिंत पडायला आलेली. एलिया प्रार्थना करतो, भिंत आपोआप उभी राहते. पुढे अशाच आणखी दोन रात्री. यहोशुआचा जीव तुटतो, पण तो गप्प राहतो. आणि निवेदकही त्याच्याबरोबर गप्प राहतो! कुठेही 'पण एलियाला माहीत होतं' असं म्हणत नाही. ज्याला काही कळत नाही त्याच्याच खांद्याला खांदा लावून चालतो. शेवटी यहोशुआला राहवत नाही, तो विचारतो, आणि निरोप घेताना एलिया सांगतो: त्या दिवशी त्या गरीब बाईचं मरण लिहिलेलं होतं, मी तिच्याऐवजी गाय न्यायला विनवलं. आणि त्या भिंतीखाली धन होतं. श्रीमंताने पाया खणला असता तर त्याला सापडलं असतं.

ही गोष्ट मी भाच्याला दोन रात्रींत सांगितली. पहिल्या रात्री गाय मेली, भिंत उभी राहिली आणि मी दिवा मालवला. तो संतापला. "एलिया वाईट आहे." मी काही बोलले नाही. "सांग ना, का केलं त्याने असं?" उद्या, म्हटलं. मला त्याचा त्रास दिसत होता, पण यहोशुआला जेवढं थांबावं लागलं त्यातलं थोडं तरी त्याच्या वाट्याला यायला हवं होतं.

दुसऱ्या रात्री मी सगळा उलगडा सांगितला. बाई, गाय, भिंत, धन. तो ऐकत राहिला. काहीच बोलला नाही. मला वाटलं, झोपला. दिवा मालवून मी उठले तेव्हा अंधारातून आवाज आला.

"मावशी, गायीला माहीत होतं?"

"काय?"

"की ती कुणाऐवजी मरतेय."

मी पुन्हा दिवा लावला आणि त्याच्या अंथरुणाशी खाली बसले.